यशवंतसागराचा बेहिशेब

मोडनिंबहून पुण्याच्या वाटेला लागून टेंभुर्णी ओलांडली की भीमानगराशी भीमेवरील उजनी धरणाचा जो अवाढव्य बांध दृष्टीस पडतो, तो १९८० साली पुरा झाला तेव्हा सरकारी दप्तरातील हिशेब चोख होता : एकूण साठा ११७ टीएमसी, पैकी ६३ मृत, उरलेला उसाला आणि शहरांना. मत्स्यबीजाच्या तजविजीत मान होता रोहू, कटला आणि मृगळ यांना.

परंतु ही मंडळी पुराच्या वाहत्या पाण्यावाचून वीत नाहीत, आणि यशवंतसागर या उजनीच्या जलाशयाचे पाणी तर अडवलेले. बिनबोलावता आलेल्या चिलापीला मात्र हेच अडलेले पाणी मानवले. तिचा नर उथळ गाळात बशीसारखा खळगा उकरतो, आणि मादी अंडी तोंडात घेऊन पिले निघेपर्यंत जवळजवळ निराहार राहते. पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेच्या वाटेने येऊन उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरू लागली, रात्री प्राणवायू घटून नाजूक मासळी मरू लागली, तेव्हा अशा पाण्यातही तग धरणाऱ्या आणि शेवाळावरच पोसणाऱ्या चिलापीचा अंमल पक्का झाला. ज्या घाणीविरुद्ध आपण अर्ज-विनंत्या करीत आलो, तिनेच जलाशयाकाठच्या भिगवणचा मासळीबाजार काही अंशी भरला, हे कबूल करणे जिवावर येते; पण ते खरे आहे.

या जलाशयावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचे गणित याहून उफराटे. २०२४च्या उन्हाळ्यात मृत साठ्यालाही हात लागून साठा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला, माढ्याचा ऊस वाळला. पण पाणी हटून गाळ उघडा पडणे हीच या पक्ष्यांची पंगत, आणि धरण तुडुंब राहिले की ते उशिरा येतात.

समुद्राचीही हीच तऱ्हा, एकाच्या पडतीत दुसऱ्याची चढती. पेरूच्या किनाऱ्यावर १९७० साली सव्वा कोटी टनांच्या आसपास निघालेली अँकोव्ही मासळी बेसुमार मासेमारी आणि १९७२च्या एल निनोचा उष्ण प्रवाह यांच्या कात्रीत सापडून लवकरच पंचमांशाच्याही खाली आली. प्रवाह निवल्यावरही ती लगोलग परतली नाही, उलट तिच्या जागी सार्डिन माजले.

इकडे उजनीत अलीकडे शोभेच्या काचपेट्यांतून सुटलेला, चिलखती अंगाचा सकर मासा जाळ्यात येऊ लागला आहे. त्याला गिऱ्हाईक नाही, त्याचे काटे जाळी फाडतात. तोही शेवाळ खातो, तोही उथळ काठ पोखरून बिळे करतो. म्हणजे चिलापीने बळकावलेल्या मुलखावरच त्याचा दावा आहे.