बदलीच्या घाईत घरसामान मातीमोल जातं. जुन्या कूलरची, आलमारीची खरी किंमत कशी काढायची?

मे महिना संपत आला की वाशीममधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळखीचा मेसेज फिरायला लागतो. "बदली झाली आहे. कूलर, दिवाण, आलमारी विकणे आहे. किंमत बोलून ठरवू." खाली चार फोटो.

घोळ होतो तो 'बोलून ठरवू' या दोन शब्दांत. विकणाऱ्याच्या डोक्यात आकडाच नसतो. येणारा प्रत्येक जण कमी सांगून जातो, दिवस निघून जातात आणि शेवटी टेम्पो दारात उभा असताना सगळं सामान भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. अजून पाच वर्षं चालला असता तो कूलर पत्र्याच्या भावात जातो.

हे टाळता येतं. त्यासाठी आधी तीन किमती माहीत असाव्या लागतात.

तळ, छत आणि मधली किंमत

पहिली किंमत भंगाराची. वस्तूचं वजन गुणिले त्या दिवशीचा भाव. याच्या खाली कुणालाही द्यायचं कारण नाही, म्हणून हा तळ.

दुसरी किंमत तशाच नव्या वस्तूची, आजची. पाच वर्षांपूर्वी किती दिले होते, हे इथे बिनकामाचं आहे. घेणारा तुलना करतो ती आज दुकानात किंवा ऑनलाइन सवलतीत मिळणाऱ्या नव्या वस्तूशी. हे झालं छत.

तिसरी आणि खरी किंमत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. वस्तूचं किती आयुष्य उरलंय, दुरुस्तीला किती लागेल आणि घरी न्यायला किती खर्च येईल, यावर ती ठरते.

कूलरचा हिशेब

समजा, तसाच नवा कूलर आज ८,००० रुपयांना मिळतो आणि तो साधारण ८ उन्हाळे चालतो. म्हणजे एका उन्हाळ्याचे १,००० रुपये. ३ उन्हाळे वापरून झाले, तर ५,००० रुपयांचा कूलर उरला. पॅड आणि पाण्याचा पंप बदलायला ६०० रुपये लागणार असतील तर राहिले ४,४००. टेम्पो आणि हमालीचे ४०० गेले की ४,०००. जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, त्या धोक्यापोटी घेणारा आणखी ५०० सोडायला लावणारच. म्हणजे व्यवहार ३,५०० च्या आसपास व्हायला हवा.

मग सांगायची किंमत ४,०००, आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो आकडा ३,२०० किंवा ३,३००, मनात पक्का. याच कूलरचं वजन २५ किलो आणि भंगाराचा भाव किलोला २५ रुपये धरला तर हाती ६२५ रुपये येतात. घाईची किंमत किती मोठी असते, ते यावरून कळतं.

हाच हिशेब आलमारीला, फ्रिजला लावता येतो. लोखंडी आलमारीचं आयुष्य जास्त, त्यामुळे तिची किंमत हळू उतरते. फ्रिज-एसीच्या बाबतीत उलट. त्यांच्या वीजबचतीच्या ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात. दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत, आणि हे घेणाऱ्याला माहीत असतं.

आपली वस्तू महाग का वाटते?

१९९० साली डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि बाकीच्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. मग मिळालेले विद्यार्थी साधारण सव्वापाच डॉलर मागत होते. घेणारे अडीच डॉलरच्या आसपास द्यायला तयार होते. मग तोच, फरक इतकाच की तो एकाच्या हातात होता. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही गत, तर लग्नात आलेल्या दिवाणाचं काय सांगावं!

म्हणूनच किंमत ठरवताना घरातल्याऐवजी शेजारच्या माणसाला विचारावं, "तू हे कितीला घेशील?"

वाशीममध्ये मे-जूनच का नडतो?

२००५ च्या राज्याच्या बदली कायद्यानुसार सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. त्यामुळे भाड्याच्या घरांतलं बरंच सामान एकाच वेळी बाजारात येतं.

नेमक्या त्याच वेळी जिल्ह्यातला पैसा बी-बियाणं आणि खतात गुंतत असतो. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीन हे मोठं पीक. त्याचा पैसा हातात येतो तो दिवाळीच्या मागेपुढे. म्हणजे विकणारे जास्त आणि घेणाऱ्याचा खिसा रिकामा, असा हा मोसम.

त्यावर उपाय आहे वस्तू वाटून विकण्याचा. कूलर होळीच्या सुमारास काढावा, कारण विदर्भात त्याची खरी गरज तेव्हा लागते. जूनमध्ये घेणाऱ्याला तो नऊ महिने अडगळीत ठेवावा लागतो, म्हणून भाव पडतो. टेबल, खाट, गादी मात्र जूनमध्येच खपते, कारण खेड्यातून शिकायला येणारी मुलं तेव्हा खोली घेतात. आलमारी, फ्रिजसारखी मोठी वस्तू नातेवाइकाकडे ठेवून दिवाळीला विकता आली तर उत्तम.

दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये दुकानदाराला आधी विचारावं, "जुनं न देता हाच फ्रिज कितीला?" दोन्ही किमतींतला फरक हीच जुन्या फ्रिजची खरी किंमत. बाकी सगळी जाहिरात.

तांब्या-पितळेची मोड

घंगाळ, गुंड, बंब मोडीत काढताना तांबं आणि पितळ वेगळं मोजून घ्यावं. पितळेत जस्त मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याचा भाव तांब्यापेक्षा कमी असतो. दोन्ही एकत्र तोलले तर नुकसान विकणाऱ्याचं. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, तेही बघावं. कूलरच्या मोटरीत तांब्याची वाइंडिंग असेल तर तिचेही पैसे वेगळे मागावेत.

आणि बंब धड असेल तर तो मोडीत देण्याआधी एकदा फोटो टाकून बघावा. शोभेसाठी किंवा वापरासाठी अख्खा बंब हवा असणारा ग्राहक वजनाच्या भावापेक्षा जास्त देतो. एकदा हातोडा पडला की तो फक्त धातू उरतो.

काही वस्तू विकायच्या नसतात

घरगुती गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर ग्राहकाच्या मालकीचे नसतात, कंपनीकडे अनामत भरून मिळालेले असतात. ते एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यावी आणि नव्या गावी त्या कागदावर कनेक्शन घ्यावं. बंद पडलेला टीव्ही, कॉम्प्युटर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. मोबाइल विकण्याआधी खात्यांमधून लॉगआउट करून तो फॅक्टरी रीसेट करावा.

ऑनलाइन विकताना समोरचा न बघताच होकार देतो आणि "पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करा" म्हणतो, तेव्हा तिथेच थांबावं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

मेसेज असा लिहिला तर

"कूलर विकणे आहे. ३ उन्हाळे वापरला. मोटर चांगली, पंप आणि पॅड बदलावे लागतील. किंमत ४,०००. येऊन चालवून बघा. न्यायचा खर्च घेणाऱ्याचा."

यात दोषही सांगितलाय आणि आकडाही. घासाघीस होईलच, पण ती ४,००० पासून खाली येईल. 'बोलून ठरवू' लिहिलं की सुरुवात भंगाराच्या भावापासून होते.