पॅरोल रद्द होण्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही

पॅरोलवर बाहेर असलेल्या माणसाने पोलिसावर हल्ला केला, तरी तो गुन्हा न्यायालयात शाबीत होईपर्यंत त्याचा पॅरोल रद्द करता येत नाही, आणि तो निर्दोष सुटला तर पॅरोलही शाबूत राहतो, ही अमेरिकी न्यायव्यवस्थेविषयीची समजूत इतक्या ठामपणे मांडली जाते की तिच्या दोन्ही अर्ध्यांत तथ्य नाही हे प्रत्येक खेपेस नव्याने सांगावे लागते.

मराठी वाचकापुरते पाहिले तर या घोटाळ्याचे एक मूळ शब्दातच आहे. महाराष्ट्राच्या कारागृह नियमांत पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातील मृत्यू, गंभीर आजारपण अशा कारणासाठी कैद्याने ठरावीक दिवस बाहेर राहावे आणि मुदत सरताच कारागृहाच्या दारात हजर व्हावे, असा तिचा अर्थ आहे. अमेरिकेतील पॅरोल ही रजाच नव्हे. शिक्षेचा काही भाग तुरुंगात काढलेल्या कैद्याला उरलेला भाग अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, लेखी अटी मान्य करून, समाजात राहून पुरा करू देण्याची ती व्यवस्था असून ती वर्षानुवर्षे चालू शकते. शिक्षा तेथे संपलेली नसते, आणि म्हणून पॅरोल मंडळाला गुन्ह्याचा न्यायनिवाडा करावयाचा नसतो. मान्य केलेली अट मोडली की नाही, एवढेच ठरवावयाचे असते.

ही विभागणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली मॉरिसी विरुद्ध ब्रूअर या आयोवा राज्यातील प्रकरणात स्पष्ट केली. खोट्या नावाने मोटार घेणे, किरकोळ अपघातानंतर पोलिसांना चुकीचा पत्ता देणे असले आरोप ठेवून सुनावणीशिवायच तेथे पॅरोल रद्द झाला होता. पॅरोल रद्द करणे हा फौजदारी खटल्याचा भाग नसल्यामुळे आरोपीचे सगळे हक्क येथे लागू होत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र स्वातंत्र्य हिरावले जात असल्याने लेखी नोटीस, विरोधातील पुरावा पाहण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी, तटस्थ मंडळ व लेखी कारणे ही किमान पथ्ये पाळावीच लागतील, आणि अटकेनंतर लवकरच एक प्राथमिक व पुढे, साधारण दोन महिन्यांच्या आत, एक अंतिम अशा दोन सुनावण्या व्हाव्यात, असेही बजावले.

पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. तेथील पॅरोलच्या सर्वसाधारण अटींपैकी एक अट हल्लेखोर वर्तनापासून दूर राहण्याची आहे, आणि फौजदारी कायद्यातील हल्ल्याची व्याख्या या अटीला जशीच्या तशी लावावी लागत नाही, शारीरिक इजेची वाजवी भीती उत्पन्न करणारे वर्तनही तिच्यात बसते, असा तेथील न्यायालयांचा निर्वाळा आहे. मूठ उगारून पोलिसाच्या अंगावर धावून जाणे, जरी बोटही लागले नसले, तरी त्यामुळे अटभंग ठरू शकते. पुराव्याची कसोटीही वेगळी असते. खटल्यात ज्युरीची वाजवी संशयापलीकडे खात्री पटावी लागते. मंडळापुढे घटना घडली असण्याची शक्यता न घडली असण्यापेक्षा अधिक दिसली, म्हणजे पारडे थोडेसे जरी झुकले, तरी पुरते. त्याच घटनेबाबत ज्युरीने निर्दोष म्हणावे आणि मंडळाने अटभंग मानावा यात विसंगती नाही. ज्यांना ती दिसते त्यांनी दोन्ही ठिकाणी विचारलेले प्रश्न एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

मग निर्दोष सुटण्याचा उपयोग काहीच नाही काय? आहे, आणि तो दिवसांच्या हिशेबात दिसतो. नव्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने पॅरोलवर बाहेर काढलेला काळ एरवी शिक्षेतून वजा होत नाही. मंडळ काही वेळा सूट देऊ शकते, पण गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या यादीतील गुन्हा असेल तर तीही नाही. केवळ अटभंग ठरलेल्याचे चांगल्या रीतीने घालवलेले दिवस सहसा टिकतात, आणि पहिल्या खेपेस त्याला साधारणपणे कमाल सहा महिने परत जावे लागते. मात्र अटभंगात हल्लेखोर वर्तन किंवा इजेची विश्वासार्ह धमकी असली, तर सामुदायिक सुधारकेंद्राऐवजी तुरुंगाचा रस्ता मोकळा होतो.

याच्या उलट टोकाची समजूतही ऐकू येते, ती म्हणजे पोलिसाने तोंडी सांगितले की काम झाले. मॉरिसी निकालाने साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा हक्क मान्य केला असून सबळ कारण नोंदवल्याशिवाय तो नाकारता येत नाही. तेव्हा अधिकारी स्वतः न येता त्याचा अहवाल पुढे करणे हा सरळ मार्ग नव्हे.

पोलिसाला उद्देशून चढा आवाज काढला म्हणजे धमकी झाली, हेही खरे नाही. पोलिसाला कामात कोणत्याही प्रकारे अडथळा आणणे गुन्हा ठरवणारा ह्यूस्टन शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली रद्द केला, कारण पोलिसाला शब्दांनी विरोध करण्याच्या स्वातंत्र्यावर तो गदा आणत होता. आणि धमकीबद्दल फौजदारी शिक्षा देण्यासाठी, बोलणाऱ्याने आपले शब्द धमकी वाटतील या धोक्याकडे निदान बेपर्वाईने काणाडोळा केलेला असला पाहिजे, असे 2023 च्या काउंटरमन निकालाने ठरवले.

बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा मंडळापुढे चालत नाही, ही समजूत पेनसिल्व्हेनियाच्याच एका प्रकरणात 1998 साली पाच विरुद्ध चार मतांनी निकालात निघाली. एकाच कृत्यासाठी पॅरोल रद्द होणे आणि शिवाय खटला चालणे ही दुहेरी शिक्षाही नव्हे. पॅरोल रद्द होतो तो आधीच्या शिक्षेचा राहिलेला भाग म्हणून. आणि संघराज्याच्या न्यायालयांत 1 नोव्हेंबर 1987 पासून घडलेल्या गुन्ह्यांना पॅरोल उरलेलाच नाही. तेथे शिक्षा भोगून झाल्यावर लागू होणारी देखरेखीखालील सुटका असते, आणि ती मंडळ नव्हे, न्यायाधीश रद्द करतो.