बावीस मिलिग्रॅमची रसद आणि सहा अणू

वेस्ट मांबलमच्या घरातून बोलतोय, त्यामुळे मध्येच लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा पाहुणा आहे मूलद्रव्य क्रमांक ११७, टेनेसीन.

क्रमांक म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या. युरेनियमचा ९२. त्यापुढची मूलद्रव्यं बहुतेक माणसानेच बनवलेली. इथून दक्षिणेला किनाऱ्याच्या रस्त्याने गेलं की कल्पाक्कम लागतं. तिथल्या अणुभट्टीत १९८५ पासून प्लुटोनियमचं, म्हणजे ९४ क्रमांकाचं, इंधन वापरतात. प्लुटोनियम किलोत मोजता येतं. टेनेसीन मात्र बोटांवर मोजावं लागतं.

कृती ऐकायला सोपी आहे, निव्वळ बेरीज. कॅल्शियमचे २० प्रोटॉन आणि बर्केलियमचे ९७ मिळून ११७. पण दोन्ही केंद्रं धन भाराची, एकमेकांना ढकलणारी. म्हणून कॅल्शियमचे अणू प्रकाशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या वेगाने आदळावे लागतात. शिवाय साधं कॅल्शियम चालत नाही. जास्त न्यूट्रॉनवालं कॅल्शियम-४८ लागतं, आणि निसर्गातल्या कॅल्शियममध्ये ते हजारात दोनही भाग नाही.

खरी अडचण बर्केलियमची होती. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेने अणुभट्टीत २५० दिवस मारा करून ते तयार केलं, शुद्ध करायला आणखी ९० दिवस घालवले. हाती आलं २२ मिलिग्रॅम. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ३३० दिवस. म्हणजे वापरा अथवा ठेवून द्या, वर्षाच्या आत निम्मं संपणारच. मी आयुष्यभर फौजेत रसदीचे हिशेब पाहिले, पण डब्यातल्या डब्यात आटणारी रसद कधी पाहिली नाही!

आणि पाठवायची कुठे, तर रशियाला, दुब्नाच्या प्रयोगशाळेकडे. २००९ च्या जूनमध्ये शिशाचे डबे विमानाने मॉस्कोला निघाले. कागद अपुरे म्हणून कस्टमने परत पाठवले. पुन्हा गेले, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला उतरवून घेतले. एकूण पाच वेळा अटलांटिक ओलांडला! एका सहीसाठी महत्त्वाचं सामान अडलेलं मीही पाहिलंय, पण आमचं सामान निदान कमी होत नव्हतं.

पुढे बर्केलियमचा पातळ थर पत्र्यावर चढवून दुब्नात १५० दिवस मारा चालला. मिळाले सहा अणू. पाच २९३ वस्तुमानाचे, एक २९४ चा. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावं एवढंच त्यांचं आयुष्य. मग ओळखले कसे? पावलांच्या ठशांवरून. टेनेसीन अल्फा कण फेकतं, दोन प्रोटॉन जातात, ११५ उरतं. मग ११३, १११, असं उतरत जातं. प्रत्येक पायरीची ऊर्जा आणि वेळ सिलिकॉनच्या शोधकात नोंदली जाते. २९४ वाला अणू असा १०५ पर्यंत उतरला आणि मग दुभंगला.

एप्रिल २०१० मध्ये ही बातमी जाहीर झाली. पण एकाच प्रयोगशाळेच्या शब्दावर तक्त्यात जागा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१४ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटला पुन्हा तेच दिसलं. त्या चमूत कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट आणि आयआयटी रुरकी इथले आपले संशोधकही होते. २०१६ मध्ये नाव पक्कं झालं.

शेजारचे मामा विचारतात, "सहा अणूंचा उपयोग काय?" आज काही नाही, असं मी सरळ सांगतो. पण डार्मस्टाटच्या साखळीत तळाशी लॉरेन्सियम-२६६ सापडलं, अर्धायुष्य तब्बल ११ तासांच्या आसपास. इतक्या जड केंद्रांसाठी हे फार झालं. न्यूट्रॉन वाढवले तर पुढे अधिक टिकाऊ केंद्रांचं बेट असावं, हा जुना अंदाज त्यामुळे बळावला.

तक्त्यात टेनेसीन क्लोरीन-आयोडीनच्या रांगेत तळाला बसतं. वागतं मात्र त्यांच्यासारखं का, हे प्रयोगाने कुणीच पाहिलेलं नाही. तेवढा वेळ ते देत नाही. जड केंद्राभोवती इलेक्ट्रॉन इतके वेगाने फिरतात की गणितानुसार ते धातूकडे झुकलेलं असावं.

पुढच्या भागात त्याचा शेजारी, ११८.