हाकेला उत्तर द्यायला मैदान हवे

दरवर्षी २९ ऑगस्ट आला की शाळांतून आणि कचेऱ्यांतून तंदुरुस्तीची शपथ घेतली जाते. मेजर ध्यानचंद यांचा हा जन्मदिवस. २०१९ साली याच दिवशी दिल्लीत ‘फिट इंडिया’ मोहिमेचा प्रारंभ झाला. त्याआधी, २०१५ पासून, २१ जूनला योगदिन साजरा होऊ लागला होता. डिसेंबर २०२४ पासून रविवारच्या सायकलफेऱ्यांची त्यात भर पडली. ही हाक अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांकडून अपेक्षा आहे. तीही पूर्ण न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. पुरुषांत हे प्रमाण ४२, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे.

परंतु हाक देणे वेगळे आणि तिला उत्तर देण्याची साधने पुरविणे वेगळे. गोंदिया जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे हा भेद ठळकपणे ध्यानात येतो. हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून राबणाऱ्या मजूर स्त्रीला व्यायामाचा उपदेश करणे ही तिची थट्टाच ठरेल. तिला हवी आहे ती विश्रांती आणि पोटभर अन्न. याच जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या स्त्रीची स्थिती मात्र नेमकी उलट आहे. मांडीवर सूप घेऊन ती तासन्‌तास एका जागी बसते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. म्हणजे उठून चार पावले चालण्याची किंमत तिला विड्यांच्या संख्येत मोजावी लागते. गरीब असूनही तिचे जीवन बैठे आहे. तेव्हा ५७ टक्क्यांच्या त्या आकड्याला आळस म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही. कचेरीतला कारकूनही संध्याकाळी घरी परततो तो वाहनांच्या गर्दीतून. त्या रस्त्यावर निर्धास्तपणे चालायला कडेची जागा कितीशी उरली आहे?

व्यायामाला इच्छा लागते हे खरे. पण त्याआधी वेळ आणि जागा लागते, आणि या दोन्हींची समाजात अतिशय विषम वाटणी झालेली आहे. ही वाटणी सुधारणे हे शासनाचे खरे काम होय.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये राज्य शासनाने १ कोटीवरून ५ कोटी रुपयांवर नेली. तथापि संकुल तालुक्याच्या गावी उभे राहते. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या टोकावरील खेड्यातला मुलगा रोज संध्याकाळी तेथे जाणार कसा? त्याच्या आवाक्यातले मैदान म्हणजे त्याच्या शाळेचे. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेला मैदान आवश्यक मानले आहे. मात्र त्याच कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो केवळ शंभराहून अधिक पटाच्या शाळांसाठी. विरळ वस्तीच्या भागातील लहान शाळा या तरतुदीबाहेरच राहतात. म्हणजे संकुल ज्यांना दूर, त्यांनाच शिक्षकही नाही. त्यातही परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो, हे शिक्षकांना सांगायला नको.

याउलट एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या, आणि या कार्यक्रमात गोंदिया जिल्ह्याचाही समावेश आहे. मुलींची शाळा सुटू नये हा तिचा हेतू. व्यायामाचा त्यात उल्लेखही नाही. परंतु रोज चार किलोमीटर जाणारी आणि तेवढेच परत येणारी मुलगी कोणत्याही शपथेविना तेवढा व्यायाम करीत असते. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी प्रमुख रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोकळे केले जातात. तेथेही लोकांना आधी रस्ता दिला गेला, उपदेश नव्हे.

यासाठी पैसा कोठून आणावा, असा प्रश्न विचारला जाईल. प्रत्येक लहान शाळेला स्वतंत्र निदेशक परवडणार नाही हे मान्य. पण एका केंद्रातील पाच-सहा शाळा मिळून एक निदेशक नेमता येईल. त्याने आठवड्यातून एकेक दिवस एकेका शाळेत जावे. शाळेचे मैदान संध्याकाळी गावाला, विशेषतः स्त्रियांना, खुले ठेवावे. तेथे एक दिवा आणि पाण्याची सोय करावी. संकुलाच्या ५ कोटींपुढे हा खर्च फार मोठा नाही. अर्थात याचे उद्घाटन थाटाने होणार नाही आणि छायाचित्रेही निघणार नाहीत.

आरोग्याची शपथ घेण्यास एक मिनिट पुरते. ती पाळण्यासाठी रोज अर्धा तास, घराजवळची मोकळी जागा आणि तेवढ्या वेळाने मजुरी बुडणार नाही याची शाश्वती लागते. पुढच्या २९ ऑगस्टला शपथ देणाऱ्यांनी प्रथम आपल्या गावच्या शाळेचे मैदान संध्याकाळी उघडे असते की कुलुपात, एवढे पाहून यावे.