आधी पाण्याची नाडी

गेल्या वर्षी दसऱ्याला मुलीच्या हट्टापायी वर्ध्याच्या बाजारातून चार गोल्डफिश आणले. सेवाग्रामच्या घरात पन्नास लिटरची काचेची टाकी मांडली, नळाच्या पाण्याने भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. वसुबारसेच्या सकाळी चारही मासे पृष्ठभागाशी आ वासून उभे होते. एरवी लालभडक असणारे कल्ले तपकिरी, जणू चहात बुडवल्यासारखे दिसत होते. दुकानातून निळं औषध मिळालं, ते टाकीत ओतलं. दिवेलागणीपर्यंत दोन मासे गेले.

शेजारचे काका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांनी मेलेल्या माशाचा कल्ला उचलून पाहिला आणि म्हणाले, "बाप्पा, मासोयीले औषध नंतर दे, आधी पानी बदल." उरलेले दोन मासे त्या एका वाक्याने वाचले. टाकीतल्या माशांचे बहुतेक आजार पाण्यातूनच सुरू होतात, हे घरोघरी पोहोचावं म्हणून हे लिहितो आहे.

टाकीच्या आत काय घडतं

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. गाळणीच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ अगदी थोडेही घातक, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी चार मासे सोडले, तेही गोल्डफिशसारखे खादाड. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट साचलं.

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतं. असं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, त्याचा रंग तपकिरी होतो. पाण्यात बुडबुडे भरपूर असले तरी मासा गुदमरतो. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही बाळं निळी पडू शकतात, त्यामागेही हीच रासायनिक क्रिया असते.

ते निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. 1876 साली कापड रंगवण्यासाठी तयार झालेला हा रंग पॉल एर्लिख यांनी 1891 मध्ये हिवतापाच्या रुग्णांवर वापरून पाहिला. मेथेमोग्लोबिनच्या विकारात आजही तो माणसाच्या शिरेतून देतात. औषध गुणी आहे, पण मुख्य टाकीत ओतलं की गाळणीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. मग अमोनिया पुन्हा चढतो. ते वापरायचं तर आजारी मासा वेगळ्या टबात ठेवूनच.

आपल्याकडचं पाणी

वर्धा जिल्हा काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. बोअरचं पाणी जड; त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. असं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि तिथेच धोका वाढतो. सामू (पीएच) 7 असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो. तापमान चढलं की आणखी वाढतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्ध्याचं नाव आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. विहिरीतच त्याहून जास्त असेल, तर पाणी कितीही बदला, टाकीतलं नायट्रेट उतरत नाही. अशा घरी निम्मं आरओचं आणि निम्मं विहिरीचं पाणी मिसळावं. निव्वळ आरओ पाण्यात क्षार नसतात, ते माशांना मानवत नाही.

त्यात आपला उन्हाळा. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांत सातच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि वीज गेली की हवेचा पंप थांबतो. तेव्हा मगभर पाणी उंचावरून टाकीत पुन्हा पुन्हा ओतत राहावं. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते. त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावं, किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालावेत.

उपचाराचा क्रम

मासा आ वासतोय, पंख मिटून कोपऱ्यात बसलाय, कल्ले तपकिरी झालेत, अशी लक्षणं दिसली की खाणं बंद करावं. दोन-तीन दिवस उपास माशाला सहज सोसतो. मग क्लोरीन गेलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलावं. हवा वाढवावी. थेंबांच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजावं. नायट्राइट निघालं तर लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घालावं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आमच्या टाकीला पन्नास ग्रॅम लागलं. दोन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत रोज थोडं पाणी बदलत राहावं.

गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. झिजलेले पंख आणि कापसासारखे पुंजके हे पाणी बिघडल्यावर मागून येणारे आजार. पाणी सुधारलं की किरकोळ झीज आपोआप भरते. वाढत गेली तरच औषध. प्रतिजैविकाच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकणं तर नकोच. त्याने न दबणारे जंतू तयार होतात, आणि ते पाणी शेवटी नालीतच जातं.

आजार पाण्यातून सुरू होतो, हे माणसांनाही लागू आहे. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. त्याच वर्षी त्यांनाही हिवतापाने गाठलं. हिवताप पसरवणारा डास जन्मतो साचलेल्या पाण्यात, म्हणून आज आरोग्य खातं विहिरी-टाक्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतं. माणसाचं आरोग्य राखणाऱ्या त्या माशालाही राहण्याजोगं पाणी हवं.

आता दर रविवारी सकाळी मुलगी परीक्षानळीत टाकीचं पाणी घेते, थेंब टाकते आणि पाच मिनिटं नळी हलवत उभी राहते. मासे काचेशी येऊन वाट पाहतात. रंग बदलला नाही, हे वहीत लिहिल्यावरच ती खाण्याची डबी उघडते.