दैनंदिन जीवनातील नास्तिकता आणि ग्रामीण धर्मजीवन : हिवरे बाजारच्या संदर्भात

प्रस्तावना :
नास्तिकता म्हणजे ईश्वराच्या अस्तित्वाचा अस्वीकार, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. तथापि दैनंदिन जीवनात नास्तिक व्यक्तीपुढील प्रश्न तात्त्विक कमी आणि सामाजिक अधिक असतो. ग्रामीण महाराष्ट्रात हरिनाम सप्ताह, जत्रेची वर्गणी, लग्नकार्य आणि दशक्रिया यांतून माणूस गावाचा ठरतो. अशा गावात श्रद्धा नसलेल्या माणसाचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नास्तिकतेची दोन रूपे :
अमेरिकेत चर्चचे सदस्यत्व ही बहुधा व्यक्तीची निवड असते. त्यामुळे चर्च सोडणे ही धर्म सोडल्याची स्पष्ट खूण ठरते. प्यू संशोधन केंद्राच्या 2023-24 च्या पाहणीनुसार तेथील सुमारे 29 टक्के प्रौढ कोणत्याही धर्माशी संलग्न नाहीत. मात्र स्वतःस नास्तिक म्हणविणारे सुमारे 5 टक्केच आहेत. भारतात धर्म जन्म, जात व कुटुंब यांच्याशी जोडलेला असल्याने श्रद्धा सुटली तरी धर्म सुटत नाही. म्हणूनच येथील नास्तिक बहुधा घरातील देव्हाऱ्याशेजारीच राहतो. 1888 मध्ये 'सुधारक' सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी ईश्वराचा आधार न घेता नीतीची मांडणी केली. परंतु पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांना त्यांनी आडकाठी केली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते. तरीही त्यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2000 मध्ये शनिशिंगणापूर येथे श्रद्धावान स्त्रियांच्या चौथरा प्रवेशासाठी आंदोलन केले.

हिवरे बाजारचा अनुभव :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे नास्तिकांचे गाव नव्हे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1990 नंतर या अवर्षणप्रवण गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. दरवर्षी पर्जन्यमान मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याच्या पाण्याची तरतूद प्रथम करून मग पिके ठरविली जातात. हा नियम पाळण्यासाठी श्रद्धेची अट नाही; पर्जन्यमापकातील नोंद आस्तिक व नास्तिक दोघांनाही सारखीच पडताळता येते.

याच गावाने तेथील एकमेव मुस्लिम कुटुंबासाठी मशीद उभारली. एका घराच्याही श्रद्धेला गावात जागा असू शकते, हे यातून दिसते. नास्तिकाची अपेक्षा याहून वेगळी आहे. त्यास वास्तू नको; श्रद्धेचा पुरावा कोणी मागू नये, एवढेच त्यास हवे असते. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, राज्यसंस्था नागरिकास धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय देऊन या अपेक्षेला कायद्याचे बळ दिले.

निष्कर्ष :
कायदा शासकीय अर्जातील रकान्यापुरते संरक्षण देतो. वर्गणीची वही घेऊन दारी आलेल्या शेजाऱ्यापुढे तो उपयोगी पडत नाही. तेथे गावाची रीतच निर्णायक ठरते. सार्वजनिक निर्णय पडताळता येणाऱ्या कारणांवर उभे असतील, तर नास्तिकास गावकरी म्हणून राहण्यासाठी खोटे हात जोडावे लागत नाहीत आणि आस्तिकासही आपली श्रद्धा सोडावी लागत नाही. हिवरे बाजारच्या ताळेबंदाचे महत्त्व पाण्यापलीकडे आहे, ते याच अर्थाने.