चालताना काय सुचतं आणि काय सुचत नाही

जेम्स वॉट म्हटलं की आपल्याला किटलीचं उडणारं झाकण आठवतं. वॉटने स्वतः सांगितलेली हकिकत वेगळी आहे, आणि कितीतरी अधिक उपयोगाची. ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. ते वाफ फार खायचं. वाफ निववण्यासाठी दर खेपेला सिलिंडरमध्ये गार पाणी सोडावं लागे, त्यात सिलिंडरही गार पडे आणि तो पुन्हा तापवण्यात नवी वाफ वाया जाई. वाफ निवायला हवी, पण सिलिंडर मात्र गरम राहायला हवा, असा तो पेच होता. १७६५ साली एका रविवारी दुपारी वॉट ग्लासगो ग्रीन या मैदानावर फिरायला गेला. चालताना त्याच्या लक्षात आलं की वाफ पोकळीकडे आपणहून धावते. मग सिलिंडरला दुसरं रिकामं भांडं, म्हणजे कंडेन्सर, जोडलं तर ती तिकडे जाऊन निवेल! थोडं पुढे जाईपर्यंत सगळी रचना डोक्यात बसली होती.

एकट्या वॉटवरून श्रेय चालण्याला देता येत नाही. ते तपासून पाहिलं स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात चार प्रयोग आहेत आणि १७६ माणसं. एका चाचणीत रोजच्या वस्तूचे, समजा बटणाचे, नेहमीपेक्षा वेगळे उपयोग चार मिनिटांत सुचवायचे. जो उपयोग इतर कुणालाच सुचला नाही आणि तरी पटण्यासारखा आहे, तोच नवा धरायचा. आधी खुर्चीत बसून, मग ट्रेडमिलवर आपापल्या वेगाने चालत. समोर कोरी भिंत. ना झाडं, ना वारा. तरीही ८१ टक्के लोकांना चालताना जास्त सुचलं.

दुसरी चाचणी एकाच नेमक्या उत्तराची होती. बैल, घोडा, हात या तिन्हींना जोडणारा शब्द कोणता? गाडी. अशा प्रकारच्या कोड्यांत चालताना फक्त २३ टक्के लोक सुधारले, आणि एकंदर कामगिरी किंचित घसरलीच. मला हा निष्कर्ष सगळ्यात मोलाचा वाटतो. चालण्याने विचारांना फाटे फुटतात. त्यांतला नेमका फाटा निवडणं हे वेगळं काम आहे. वॉटचंही तेच झालं. पेटंट १७६९ चं, आणि त्याची इंजिनं प्रत्यक्ष कामाला लागली १७७६ मध्ये. मधली वर्षं सांधे, गळती आणि पैशांची जुळवाजुळव यांत गेली.

हे घडतं कसं? सवयीच्या वेगाने चालायला फारसं लक्ष लागत नाही. संशोधकांचा अंदाज असा की एरवी मन नको त्या आठवणी दाबून ठेवतं, ती पकड चालताना सैल होते आणि दूरच्या गोष्टी एकमेकींजवळ येतात. धाप लागेल असं चाललं, किंवा गर्दीच्या रस्त्यावर रिक्षा चुकवत निघालं, तर लक्ष तिकडेच खर्च होणार.

म्हणून निघण्याआधी प्रश्न मनात नीट मांडून घ्यावा. वॉटने तो आधी मोजमापं करून, भांड्यांत वाफ कोंडून पुरता घोळवला होता. रिकाम्या डोक्याने घातलेल्या फेऱ्या तब्येतीला चांगल्या, पण त्यांतून कंडेन्सर निघत नाही. फोन खिशातच राहू द्यावा. परतल्यावर लगेच कागद घेऊन बसावं, कारण चालून येऊन बसलेल्यांनाही न चाललेल्यांपेक्षा जास्त सुचलं, असं याच प्रयोगांत दिसलं. यादी हातात आली की मग खुर्चीत बसून काटछाट करावी.

आणि ज्यांना चालणं शक्य नाही त्यांच्याबद्दलही यात काही आहे. शेवटच्या प्रयोगात काही जणांना व्हीलचेअरवरून बाहेर फिरवलं गेलं. लुटलेल्या तिजोरीसारख्या एखाद्या प्रतिमेला त्यांनी समर्पक उपमा शोधायच्या होत्या. सर्वांत कसदार उपमा चालणाऱ्यांच्याच निघाल्या, पण मोकळ्या हवेत नुसतं फिरूनसुद्धा उपमांतलं नावीन्य वाढलं. घरातल्या आजीआजोबांची खुर्ची संध्याकाळी अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत न्यायला एवढं कारण पुरेसं आहे.